डायनॅमिक्स हाताने सरळ करायच्या की सॉफ्टवेअरवर सोडायच्या?

शरणपूर_अल्टो
नाताळ जवळ आला की नाशिकमध्ये क्वायर आणि स्ट्रिंग्जचे पार्ट (प्रत्येकाच्या ओळीचे वेगळे कागद) छापायची घाई सुरू होते. बहुतेकांचं काम म्यूझस्कोअर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरवर. छापून येतं तेव्हा डायनॅमिक्स, म्हणजे आवाज किती हे सांगणाऱ्या खुणा, वेड्यावाकड्या: एकाच ओळीत पी (हळू) वर, एमएफ (मध्यम मोठा) खाली, पुढचा एफ (मोठा) पुन्हा वर. माझं स्पष्ट मत: ऑटोमॅटिक प्लेसमेंटवर (सॉफ्टवेअरने आपोआप खुणा बसवण्यावर) विसंबू नका, प्रत्येक ओळ हाताने एका रेषेत आणा. वाजवणाऱ्याची नजर स्वरांवर असते, डायनॅमिक्स तो जाता जाता टिपतो. खूण नेहमीच्या पातळीवर नसली की हुकलीच.

गंगापूररोड_चेलो
अजिबात पटलं नाही. खुणा वरखाली का होतात ते आधी बघा. व्हायोलिनच्या मोकळ्या जी तारेचा स्वर स्टाफच्या (पाच रेषांच्या पट्टीच्या) खाली, दुसऱ्या लेजर लाइनच्या (जादा छोट्या रेघेच्या) ही खाली बसतो. त्याचा तळ स्टाफच्या शेवटच्या रेषेपासून तीन स्पेस (दोन रेषांमधली अंतरं) खाली. स्टाफ ७ मिमीचा असेल तर स्पेस १.७५ मिमीची, म्हणजे सव्वापाच मिमी. सॉफ्टवेअर तेवढी एकच खूण खाली ढकलतं, शेजारच्या जागेवरच राहतात.

माउसने ओढण्यापेक्षा एका खुणेवर राइट क्लिक करा, सिलेक्टमधून मोअर उघडा, 'सेम स्टाफ' आणि 'सेम सिस्टिम' (कागदावरची तीच ओळ) दोन्हींवर टिक करा. मग प्रॉपर्टीजमध्ये सगळ्यांना सारखाच व्हर्टिकल ऑफसेट (वरखाली सरकवायचं अंतर) द्या, सगळ्यात खालच्या स्वराला खूण लागणार नाही इतका. ऑटोप्लेसमेंट चालूच ठेवा. टक्करच नसल्याने ते कुणाला ढकलत नाही, आणि उद्या तिथे स्लर (स्वर जोडणारी कमान) आला तर सांभाळूनही घेतं. '=' दाबून ते बंद करणारे इथेच फसतात. ओळ सरळ दिसते खरी, पण नंतर एखादा स्वर खाली उतरवला की नोटहेड (स्वराचा गोळा) थेट एमएफवर चढतं.

शरणपूर_अल्टो
ऑफसेट किती द्यायचा हे शेवटी माणूसच ठरवतो ना? आणि सरसकट खाली नेणंही चूक. एका जीसाठी अख्खी ओळ उतरवली तर स्कोअरमध्ये (सगळी वाद्यं एकत्र असलेल्या कागदावर) त्या खुणा खालच्या वाद्याच्या वाटू लागतात. टोकाला एखादाच खालचा स्वर असेल तर तेवढी खूण वेगळी राहू द्यावी. पी, हेअरपिन (आवाज वाढवण्या-घटवण्याची उघडी खूण) आणि एफ सलग आले असतील तर मात्र तिन्ही एका पातळीवर हवेतच. आणि क्वायरच्या पार्टमध्ये खाली शब्द असतात, तिथे खुणा स्टाफच्या वर घ्या. निवडून एक्स दाबलं की झालं.

देवळाली_ट्रॉम्बोन
तुम्ही दोघं उभ्या अंतरावरच भांडताय. खरा घोळ आडवा आहे. पहिल्या बीटवरचा एफ माउसने तिसऱ्या बीटखाली ओढला तरी तो पहिल्याच बीटला चिकटलेला राहू शकतो. मग प्लेबॅक तिथूनच मोठा होतो, आणि पार्टमध्ये बारची (दोन उभ्या रेघांमधल्या खणाची) रुंदी बदलली की एफ भलत्याच स्वराखाली जातो. ओढताना दिसणारी तुटक रेघ बघा, ती सांगते खूण कुठे बांधली आहे. हेअरपिनचंही तेच: टोकाचा हँडल निवडून नुसता बाण दाबला तर फक्त चित्र हलतं, शिफ्टसकट दाबला तर बांधणीची जागा बदलते. हे अंतर न कळता 'सरळ' केलेला स्कोअर मला बिनसरळ केलेल्यापेक्षा जास्त धोकादायक वाटतो.

नाशिकरोड_पियानो
मी चेलोवाल्यांच्या बाजूने, त्यांच्याही एक पाऊल पुढे. डोरिको या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये शिफ्ट+डी दाबून 'पी<एफ' सलग टाइप केलं की तिन्हींचा एक गट होतो आणि एका रेषेत राहतो. सिबेलिअस या सॉफ्टवेअरमध्ये २००९ च्या सहाव्या आवृत्तीपासून मॅग्नेटिक लेआउट आहे, म्हणजे टक्कर आपोआप टाळली जाते. फिनाले या सॉफ्टवेअरची विक्री २०२४ मध्ये थांबली, आता जुन्या फायली म्यूझिकएक्सएमएल या सामायिक फाइल-प्रकारातून दुसरीकडे न्याव्या लागतात. तिथे उघडताना मांडणी बहुतेकदा नव्याने होते. तासन्‌तास ओढलेल्या खुणांचं काय उरतं?

शरणपूर_अल्टो
कॅनडा कॉर्नरला झेरॉक्सला जाणारा कागद उद्याच्या तालमीसाठी असतो, पुढच्या सॉफ्टवेअरसाठी नाही. एक मात्र मान्य: आधी ट्रॉम्बोनवाल्यांनी सांगितलेली बांधणी तपासा, मग पार्टचे लाइन ब्रेक (ओळ कुठे तुटते ते) पक्के करा, आणि त्यानंतरच ऑफसेटला हात लावा. ब्रेकआधी सरळ केलेली ओळ पुढे दोन ओळींत फुटते आणि सगळं पुन्हा करावं लागतं. सिबेलिअसवाल्यांनी हे काम पार्टमध्येच करावं. तिथला बदल स्कोअरला लागत नाही, पण स्कोअरमधला पार्टला लागतो.