प्रतिसाद: हवेची बोट, मोटर आणि नोंदणी

दादा, हवा भरायच्या रबरी बोटीला मोटर लावण्याबद्दल तुम्ही विचारलंत. 'हवा काढली की डिकीत मावते, मग तिला नोंदणी कसली?' हा तुमचा मुद्दा पटण्यासारखा आहे, पण कायदा डिकी बघत नाही. अंतर्देशीय जलयान कायदा, 2021 मध्ये भेद आहे तो यंत्रावर चालणारी आणि न चालणारी असा. वल्ह्यांवर असेपर्यंत गोष्ट वेगळी; मागे मोटर लावलीत की सर्वेक्षणाचा (म्हणजे बोटीच्या तपासणीचा) दाखला, नोंदणी आणि विमा हे सगळं मागे लागतं. आरटीओत चकरा मारू नका, त्यांचा यात संबंध नाही. राज्य सरकारने नेमलेला नोंदणी अधिकारी वेगळा असतो. जिल्ह्याचा कोण, ते कलेक्टर कचेरीत लेखी विचारा.

बिल जपून ठेवा, बोट आणि मोटर दोन्हीचं. मोटर बसते त्या फळीजवळ कंपनीची पट्टी असते: माणसं किती, वजन किती, मोटर जास्तीत जास्त किती ताकदीची. तिचा स्वच्छ फोटो काढा. पट्टीच नसलेला स्वस्त माल मी तरी घेणार नाही.

आणि नोंदणी झाली म्हणजे कुठेही उतरायची मुभा, असं नाही. आजवा तलाव तर आपल्या बडोद्याचं पिण्याचं पाणी, तिथे महानगरपालिकेची परवानगी हवीच. विश्वामित्री नदीचं नाव काढू नका, मगरींना रबरी नळ्यांचं कौतुक नसतं!

जानेवारी 2024 मध्ये बडोद्याच्या हरणी तलावात बोट उलटून 12 मुलं आणि 2 शिक्षिका दगावल्या. बडोद्यात आता बोटीबद्दल अधिकारी चार प्रश्न जास्त विचारणारच, आणि विचारावेतच. लाइफ जॅकेटं माणशी एक, आधी ती घ्या.