मदत हवी आहे: पाच बिंदू, सगळ्यांमधलं अंतर सारखं

ठिपकेदार
पाच बिंदू हवेत, कुठल्याही दोघांमधलं अंतर १. तीन जमतात, चौथा आला की गडबड. एक अंतर बसवावं तर दुसरं हलतं. सहनिर्देशकांचं सूत्र असेल तर द्या, आजच हवंय. 'आधी भूमिती वाचा' हे कृपया नको.

गोलगोल
सोपंय. वर्तुळ काढा, दर ७२ अंशांवर एकेक बिंदू ठेवा. झालं काम.

ठिपकेदार
कसलं झालं? शेजारच्याशी १ येतं, त्याच्या पलीकडच्याशी १.६१८. 'कुठल्याही दोघांमधलं' असं लिहिलंय मी.

गोलगोल
१.६१८ म्हणजे सुवर्ण गुणोत्तर! पंचकोनाचा कर्ण भागिले बाजू. यावर वेगळा धागा काढायलाच हवा.

कंपासपेटी
कागदावर की त्रिमितीत? तेच लिहिलं नाहीत. कागदावर चारसुद्धा होत नाहीत. अ आणि ब एकमेकांपासून १ अंतरावर घ्या. दोघांभोवती १ त्रिज्येची वर्तुळं काढा. ती दोनच ठिकाणी छेदतात, एक रेषेच्या वर, एक खाली. क तिथे, ड तिथे. आणि क-ड अंतर √३. पुढे शोधण्यात अर्थ नाही.

ठिपकेदार
त्रिमिती चालेल.

कंपासपेटी
मग चार. घनाचे एकाआड एक कोपरे घ्या: (०,०,०), (१,१,०), (१,०,१), (०,१,१). सगळ्या जोड्या √२, त्यानं भागा. पाचवा मात्र नाही. चौघांपासून सारखी लांब अशी जागा एकच, परिकेंद्र. आणि ते प्रत्येकापासून जेमतेम √(३/८), म्हणजे ०.६१२ वर.

आडवाउभा
हे सरळ रेषेत मोजलं तर. आडवं अधिक उभं असं मोजा: (१,०), (−१,०), (०,१), (०,−१). सगळ्या जोड्या २. कागदावरच चार!

कंपासपेटी
त्यांना पाच हवेत. आणि अंतराची व्याख्याच बदलायची तर 'वेगळे असतील तर १, तोच असेल तर ०' म्हणा, हजार बिंदू मिळतील.

आडवाउभा
म्हणा की. त्रिकोण असमानता (तिसऱ्या बिंदूवरून वळसा घेऊन अंतर कमी होत नाही) पाळते ती व्याख्या, तुमचं काय जातंय?

षट्कोनी
त्रिकोणी जाळी वापरून बघा, प्रत्येक बिंदूला सहा शेजारी सारख्या अंतरावर. मी गेममध्ये तेच करते. फक्त पूर्णांक सहनिर्देशकांचा हट्ट धरू नका. समभुज त्रिकोणाच्या क्षेत्रफळात √३ येतो, कागदावर पूर्णांक कोपऱ्यांच्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ परिमेयच असतं. बसणारच नाही.

ठिपकेदार
शेजारी नकोत हो मला.

शून्यवत
पण हे पाच बिंदू हवेत कशाला?

ठिपकेदार
प्रोग्रामसाठी, अजून कशाला! डेटात पाच प्रकार आहेत. १ ते ५ आकडे दिले तर प्रोग्राम १ आणि ५ ला एकमेकांपासून लांबचे धरतो, १ आणि २ ला जवळचे. तसं काहीच नाहीये त्यांच्यात.

शून्यवत
हे पहिल्याच ओळीत सांगायचं ना! मग त्रिमितीत कशाला अडकलात? पाच रकाने करा: (१,०,०,०,०), (०,१,०,०,०), असे पुढे. कुठलेही दोन घ्या, फरक दोनच रकान्यांत, म्हणून अंतर √२. याला वन-हॉट एन्कोडिंग म्हणतात, बहुतेक ठिकाणी तयार मिळतं.

कंपासपेटी
चार रकाने पुरतात. जितक्या मिती, त्याहून एक जास्त बिंदू. मघाचा चतुष्फलक बाजू १ करून घ्या, परिकेंद्रावरून चौथ्या दिशेला √(५/८) सरका: ३/८ + ५/८ = १. पाचवा मिळाला.

शून्यवत
सुंदर आहे, पण एक रकाना वाचवून वर्गमुळं कोण सांभाळणार? इथे १ कुठे आहे ते बघितलं की प्रकार कळतो.

ठिपकेदार
पाच रकाने चालले! आता हेच स्क्रीनवर दाखवायचेत, सारख्या अंतरावर.

कंपासपेटी
√३ वाचलंत ना वर?

शून्यवत
ठिपके कुठेही ठेवा, दहाही जोड्या रेषांनी जोडा आणि प्रत्येक रेषेवर १ लिहा.

षट्कोनी
पाचांच्या दहा रेषा सपाट पृष्ठावर एकमेकींना न छेदता काढता येत नाहीत, वाकड्या काढल्या तरी.

ठिपकेदार
छेदू देत.