रेंज नसलेल्या गावांसाठी वेब अ‍ॅप: फोनवर साठवलेल्या माहितीची खात्री किती?

प्रश्न

आमच्या संस्थेचे कार्यकर्ते डोंगराळ गावांत पाणवठ्यांची पाहणी करतात. सध्याच्या वेब अ‍ॅपमध्ये फॉर्म थेट सर्व्हरवर जातो, त्यामुळे रेंज गेली की भरलेली माहितीही जाते. फोन बहुतेक अँड्रॉइड, काही आयफोन. दोन वेगळी मोबाइल अ‍ॅप करणे आम्हाला परवडणारे नाही. सर्व्हिस वर्कर (अ‍ॅप रेंजशिवायही उघडू देणारी, ब्राउझरमध्ये मागे चालणारी स्क्रिप्ट) आणि इंडेक्स्डडीबी (ब्राउझरमधील माहितीसाठा) वापरल्यास माहिती आठवडाभर, कधी त्याहून अधिक काळ, फोनवर सुरक्षित राहील का? आणि सर्व्हरच्या बाजूला काय बदलावे लागेल?

पहिले उत्तर

अ‍ॅप ऑफलाइन उघडणे हा आता सोपा भाग आहे. आयफोनच्या सफारी ब्राउझरमध्येही 2018 पासून सर्व्हिस वर्कर चालतो. साठवणीची मात्र तशी हमी नाही. फोनमधील जागा कमी पडली तर ब्राउझर साठवलेली माहिती काढून टाकू शकतो, म्हणून ती तशी काढू नये यासाठीची 'नॅव्हिगेटर.स्टोरेज.पर्सिस्ट' ही विनंती अवश्य करावी, तरी ती मान्य होईलच असे धरू नये. आयफोनवर अधिक जपावे लागते: 2020 पासून सफारी, तिच्या वापराच्या सात दिवसांत ज्या संकेतस्थळाला वापरकर्त्याने हातही लावला नाही, त्याने स्क्रिप्टद्वारे साठवलेली माहिती पुसते. होम स्क्रीनवर घेतलेल्या अ‍ॅपचा हिशेब वेगळा असतो, तेव्हा आयफोनवाल्यांकडून अ‍ॅप होम स्क्रीनवर घेववणे हे प्रशिक्षणातच बसवा.

दुसरे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण माझ्या मते खरे काम सर्व्हरवर आहे. आजवर नोंदीचा क्रमांक सर्व्हर देत होता. आता तो फोननेच, 'क्रिप्टो.रँडमयूयूआयडी' (प्रत्येक नोंदीला वेगळा क्रमांक बनवून देणारी ब्राउझरची सोय) वापरून, नोंद करतानाच द्यायला हवा. कारण नोंद सर्व्हरवर पोहोचली आणि पोच परत येण्याआधी रेंज गेली, तर फोन तीच नोंद पुन्हा पाठवणार, आणि क्रमांक ओळखून सर्व्हरने ती दुसऱ्यांदा न घेणे हाच त्यावरचा उपाय.

दुसरी अडचण आवृत्तीची. नवा सर्व्हिस वर्कर उतरला तरी जुन्याच्या ताब्यातील सर्व टॅब बंद होईपर्यंत तो थांबून राहतो, आणि गावात तर तो उतरतही नाही. त्यामुळे तुम्ही फॉर्ममध्ये नवा रकाना घातल्यानंतरही जुन्या स्वरूपातील नोंदी येत राहतील. प्रत्येक नोंदीसोबत आवृत्ती पाठवा आणि जुनी स्वरूपे स्वीकारणारा भाग सर्व्हरवर शाबूत ठेवा. 'स्किपवेटिंग'ने (नव्या सर्व्हिस वर्करला न थांबता ताबा घेऊ देणारी आज्ञा) घाई करता येते, पण अर्धवट भरलेल्या फॉर्मखालून कोड बदलणे मला तरी पटत नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. नोंदी पाठवण्याचे काम बॅकग्राउंड सिंकवर (रेंज आल्यावर ब्राउझरनेच मागे माहिती पाठवण्याची सोय) सोपवावे काय?

दुसरे उत्तर देणारे

केवळ त्यावर नको. ती सोय क्रोमसारख्या, क्रोमियमवर आधारित ब्राउझरांत आहे, सफारीत नाही. अ‍ॅप उघडताच आणि 'ऑनलाइन' इव्हेंट (जोडणी परत आल्याची ब्राउझरची खूण) आल्यावर पाठवायच्या नोंदींची रांग तपासा, 'आता पाठवा' असे बटण द्या, आणि न पाठवलेल्या नोंदींची संख्या पडद्यावर ठळक दिसू द्या.