मदत हवी आहे: बायपासच्या आधी दंडाला पट्टा आवळून हृदय वाचतं का?

सासऱ्यांची बायपास पुढच्या महिन्यात ठरली आहे. तीन ब्लॉक, मधुमेह जुना. दिरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ पाठवला: दंडाला बीपीचा पट्टा बांधून पाच मिनिटं रक्त अडवायचं, पाच मिनिटं सोडायचं, असं चारदा. म्हणे हृदय ऑपरेशनला तयार होतं. तेव्हापासून बाबा रोज सकाळी पट्टा आवळून बसतात. घरचं मशीन आपोआप हवा सोडतं, म्हणून हाताने फुगवायचं जुनं यंत्रही कुठून तरी पैदा केलं!

थोतांड म्हणून सोडून देणार होते, पण मूळ संशोधन खरं निघालं. १९८६ मध्ये अमेरिकेत मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्यांच्या हृदयाची रक्तवाहिनी आधी पाच-पाच मिनिटं चारदा बंद केली आणि मग सलग ४० मिनिटं. अशी तयारी न केलेल्या कुत्र्यांच्या मानाने हृदयाचा मेलेला भाग पाव हिश्श्यावर आला. पुढे नुसता हात आवळूनही संरक्षण मिळतं असं दिसलं. २००७ मध्ये लंडनला ५७ बायपास रुग्णांत ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) ४३ टक्क्यांनी कमी आलं.

व्हिडिओ इथेच संपतो. २०१५ चं त्यात काहीच नाही! ब्रिटनमधली १६१२ रुग्णांची चाचणी आणि जर्मनीतली सुमारे १४०० जणांची, दोन्हींत मृत्यू, झटका, पक्षाघात यांत फरक पडला नाही. काहींच्या मते भुलीतल्या प्रोपोफॉल या औषधाने परिणाम झाकला गेला.

सर्जन ग्राफ्टसाठी (ब्लॉकला वळसा घालणाऱ्या नव्या वाटेसाठी) डाव्या हातातली रक्तवाहिनी काढणार आहेत, आणि बाबा नेमका तोच दंड आवळतात. रक्त पातळ ठेवणारी इकोस्प्रिन चालू आहे, कातडीवर लाल ठिपके आलेत. हे थांबवू का? भूलतज्ज्ञांना प्रोपोफॉलबद्दल विचारणं आगाऊपणा होईल का?

प्रतिसाद:
ताई, आजच थांबवा. डाव्या हाताला पट्टा नको, रक्त काढायला सुईही टोचू देऊ नका. ठिपके सर्जनना दाखवा. त्या चाचण्यांत हे भूल दिल्यावर, छाती उघडण्याआधी केलं होतं. त्याचा परिणाम दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही, त्यामुळे महिनाभर आधीपासून साठवून ठेवता येत नाही. भूलतज्ज्ञांना जरूर विचारा, पण औषध त्यांनाच ठरवू द्या. बाबांना काहीतरी करायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं स्पायरोमीटर आणून द्या. श्वास आत ओढायचा असतो, बरेच जण फुंकत बसतात.