वरच्या मजल्यावर दुसरा राउटर: वॅन, लॅन, डीएचसीपी म्हणजे नेमकं काय?

मानेवाडा_दुमजली:
नमस्कार मंडळी. खाली फायबरचा डबा आहे, प्लॅन २०० एमबीपीएसचा. वर वायफाय पोचत नाही म्हणून खालून वायर ओढून जुना राउटर वर लावला. वायर त्याच्या निळ्या पोर्टात आहे. नेट चालतं, पण तीन भानगडी आहेत. वरच्या वायफायवरून खालचा प्रिंटर फोनला दिसत नाही. वर लॅपटॉपला थेट वायर लावली तरी स्पीड ९४च्या वर जात नाही. आणि जिना चढून वर आलो तरी फोन खालचंच वायफाय धरून बसतो. सेटिंगमधले वॅन, लॅन, डीएचसीपी, गेटवे हे शब्द डोक्यावरून जातात. काय बदलू?

तारजोडणी:
प्रिंटरचं उत्तर त्या शब्दांतच आहे, म्हणून आधी ते.

खालचा डबा म्हणजे ओएनटी. फायबरमधून आलेला प्रकाश तो वायरीतल्या सिग्नलमध्ये बदलतो. आजकाल राउटरही त्याच डब्यात असतो. राउटरला दोन बाजू असतात: कंपनीकडची ती वॅन, घरातली ती लॅन. घरातल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला, प्रिंटरला एक आयपी पत्ता लागतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५. हे पत्ते वाटतो तो डीएचसीपी. १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते खासगी असतात. लाखो घरांत तेच असल्यामुळे बाहेर चालत नाहीत. म्हणून राउटर बाहेर जाणाऱ्या मागणीवर स्वतःचा पत्ता लावतो आणि उत्तर आलं की ज्याचं त्याला पोचवतो. याला नॅट म्हणतात. गेटवे म्हणजे घरातून बाहेर पडायचा पत्ता, अर्थात राउटरचाच. डीएनएस साइटच्या नावावरून तिचा आयपी शोधून देतो. तुमच्या भानगडीत त्याचा काही हात नाही.

निळा पोर्ट म्हणजे बहुतेक वॅन. तिथे वायर घातली की वरचा राउटर खालच्या घरालाच ‘बाहेर’ समजतो आणि वर आपलं वेगळं नेटवर्क थाटतो, समजा १९२.१६८.०चं. फोन प्रिंटर शोधताना जी हाक मारतो ती आपल्याच नेटवर्कात फिरते, राउटर ओलांडत नाही. प्रिंटर ठणठणीत आहे, हाकच खाली जात नाही.

उपाय: वरच्या राउटरमध्ये ‘अॅक्सेस पॉइंट मोड’ (वेगळं नेटवर्क न थाटता नुसतं वायफाय देणं) असेल तर तो निवडा, काम झालं. जुन्यात नसतो, मग हाताने करा, आणि क्रम चुकवू नका.
१. राउटर खालच्या वायरीपासून सोडवा. लॅपटॉप त्याच्या लॅन पोर्टाला जोडा आणि तळाच्या स्टिकरवरचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडा.
२. लॅनचा आयपी १९२.१६८.१.२ करा. खालचा १९२.१६८.१.१ आहे असं मी धरलंय. खालच्या डीएचसीपीची वाटप यादीही (कुठून कुठपर्यंतचे पत्ते तो वाटतो) पाहून घ्या. २ हा आकडा तिच्यात असेल तर यादीबाहेरचा दुसरा घ्या.
३. राउटर पुन्हा सुरू झाला की नव्या पत्त्यावर लॉगिन करून डीएचसीपी बंद करा. आधी डीएचसीपी बंद केला तर लॅपटॉपला पत्ताच मिळत नाही आणि पान उघडत नाही.
४. खालून आलेली वायर लॅन पोर्टात. वॅन रिकामा.

क्रिम्पर४४०:
९४ हा आकडाच सगळं सांगतो. १०० एमबीपीएसच्या पोर्टातून प्रत्यक्षात एवढंच मिळतं. विंडोजमध्ये इथरनेटच्या माहितीत ‘लिंक स्पीड’ बघा. १००/१०० दिसलं तर दोनपैकी एक: जुन्या राउटरचे पोर्टच १००चे आहेत, किंवा वायरीत गडबड आहे. हाच लॅपटॉप खालच्या डब्याला लहान वायरीने जोडून पाहा. तिथे १००० दिसलं तर लॅपटॉप निर्दोष. मग वरची वायर राउटर वगळून थेट लॅपटॉपला लावा, म्हणजे दोघांपैकी कोण ते कळेल.

१००ला चारच तारा पुरतात: १, २, ३ आणि ६. गिगाबिटला, म्हणजे १०००ला, आठही लागतात. उरलेल्या चारांतली एक जरी नीट बसली नसली तरी जोडणी मुकाट्याने १००वर उतरते, चूक म्हणून कुठेच दाखवत नाही. दोन्ही टोकांना हाच क्रम हवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. बर्डीच्या बाजारात वायर घेताना कॅट ५ई किंवा कॅट ६ मागा, आणि शुद्ध तांब्याचीच. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर स्वस्त पडते, पण कोपऱ्यात वाकवली की आत तुटते.

आणखी एक. डाउनलोडच्या खिडकीत बऱ्याचदा एमबीपीएस नसतं, सेकंदाला मेगाबाइट असतात. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट, आणि ८ बिटांचा एक बाइट, म्हणून २००ला ८ने भागा, २५. तिथे २३-२४ दिसलं तर कंपनीशी भांडू नका.

खिडकीतला_कूलर:
फोन कोणतं वायफाय धरायचं ते फोनच ठरवतो, राउटर नाही. नावं वेगळी असतील तर खालचं पार मरेपर्यंत तो सोडत नाही. दोन्हीकडे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार एकच ठेवा. २.४ गिगाहर्ट्‌झचे चॅनेल मात्र वेगळे: खाली १, वर ११, रुंदी २० मेगाहर्ट्‌झ. तरी चिकटला तर खालच्या डब्याची सिग्नलची ताकद एक पायरी उतरवा. ५ गिगाहर्ट्‌झ वेगवान आहे, पण स्लॅबमधून फारसं जात नाही.

आणि भाऊ, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ‘वायफाय काहून बसलं’ म्हणून हमखास विचारणा येते. राउटर खिडकीत असतो आणि त्याच्यासमोर कूलर येऊन बसतो. पत्र्याची बॉडी सिग्नल अडवते, टाकीतलं पाणी उरलेला शोषतं. वरून दमट हवा थेट राउटरवर. दोघांच्या भिंती वेगळ्या ठेवा.

मानेवाडा_दुमजली:
चारही पायऱ्या केल्या. वरच्या वायफायवर आता फोनला नेटच नाही. लॅपटॉपचा आयपी १६९.२५४ने सुरू होतो.

तारजोडणी:
१६९.२५४ म्हणजे पत्ता वाटणारा कोणी सापडला नाही, म्हणून लॅपटॉपने स्वतःच एक घेतला. वरचा डीएचसीपी तुम्ही बंद केलाय, म्हणजे पत्ता खालून यायला हवा, आणि तो येत नाहीये. वायर निळ्यातच आहे का बघा; असेल तर पिवळ्या, म्हणजे लॅन पोर्टात घाला. मग फोन आणि लॅपटॉपवर वायफाय बंद-चालू करा. १९२.१६८.१ने सुरू होणारा पत्ता मिळाला की प्रिंटरही दिसेल.

मानेवाडा_दुमजली:
निळ्यातच होती. पत्ता मिळाला, प्रिंटर दिसला. लिंक स्पीड राउटरमधून १००, वायर थेट लावली तर १०००.

क्रिम्पर४४०:
मग वायर चांगली आहे, जुना राउटर १००चा. लॅपटॉपला पूर्ण २०० हवे असतील तर वर पाच पोर्टांचा गिगाबिट स्विच (एका वायरीला फाटे फोडणारा डबा) घ्या. खालची वायर स्विचमध्ये, तिथून एक लॅपटॉपला, एक राउटरच्या लॅनला. स्विचला काही सेटिंग लागत नाही.