मदत हवी आहे: ४ टीबीच्या डिस्कवरचं पार्टिशन ४६५ जीबीच दिसतंय, डेटा गेला का?

नमस्कार मंडळी,

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात २००८चा पीसी आहे. कोअर टू ड्युओ, ४ जीबी रॅम, नुसता बायोस (मशीन सुरू करणारा जुना प्रोग्रॅम), त्याच्या जागी आलेला नवा यूईएफआय नाही. त्यावर डेबियन १२ (लिनक्स) व्यवस्थित चालतं. यूएसबी केसमध्ये ४ टीबीची डिस्क होती, तिच्यात भजनी मंडळाच्या हस्तलिखित वह्यांचे स्कॅन आणि रेकॉर्डिंग, मिळून ६०० जीबी. दोन वह्यांची पानं गेल्या पावसाळ्यात ओल लागून एकमेकांना चिकटली. आता त्या वह्या फक्त स्कॅनमध्येच उरल्यात.

परवा वळीव झाला, वीज कडाडली आणि केसचा बोर्ड जळाला. डिस्क मात्र नेहमीसारखी फिरतेय. म्हणून बाहेर काढून थेट पीसीच्या आतल्या साटा पोर्टला जोडली. बायोसमध्ये १८०१ जीबी दिसते. बेळगावात एका दुकानात नेली तर म्हणाले, "मशीन जुनं, २ टीबीच्या वर घेत नाही. फॉरमॅट मारून देतो." तशीच परत आणली.

लिनक्सवर एफडिस्क (डिस्कचे भाग दाखवणारी आज्ञा) अख्खी डिस्क ३.६४ टीआयबी, म्हणजे ४ टीबीच, दाखवतो, पण आतलं एकुलतं पार्टिशन ४६५.८ जी, सुरुवात सेक्टर (डिस्क मोजायचा सर्वात छोटा तुकडा) २५६. माउंट केलं (फाइली बघायला जोडलं) की 'बॅड सुपरब्लॉक' अशी चूक येते. एफएससीके (फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) चालवू का? हात धजत नाही, सांगा की कुणीतरी.

प्रतिसाद १
एफएससीके अजिबात नको! ४६५.८ला ८ने गुणा, अख्खी डिस्क येते. डेटा जागेवर आहे. एमबीआरमध्ये (पार्टिशनची नोंद ठेवायची जुनी पद्धत) सेक्टरचा आकडा ३२ बिटांचा, म्हणून ५१२ बाइटच्या सेक्टरने २.२ टीबीच्या पुढे जाता येत नाही. मोठी डिस्क एमबीआरवर चालावी म्हणून काही केस ४०९६ बाइटचा सेक्टर असल्याचं सांगतात. तुमची तसलीच असणार. थेट जोडल्यावर तेच आकडे ५१२ने मोजले जातात, म्हणून पार्टिशन आठपट लहान दिसतं. बायोसचे १८०१ही त्याच ३२ बिटांमुळे: ४००० जीबी वजा ३२ बिटांत मावणारे २१९९. बूट झाल्यावर लिनक्स डिस्कचा आकार बायोसला विचारत नाही, त्यामुळे मशीन जुनं असण्याची अडचण नाही.

लोसेटअपला (डिस्क 'लूप' नावाच्या आभासी डिस्कसारखी दाखवणारी आज्ञा) सेक्टर-साइज ४०९६, रीड-ओन्ली, पार्टस्कॅन, फाइंड आणि शो हे पर्याय देऊन अख्खी डिस्क द्या, पार्टिशन नव्हे. मग लूपखाली जे पार्टिशन येईल ते रीड-ओन्ली माउंट करा. आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवा.

धागाकर्ता
आलं! लूप०पी१ माउंट झालं. पहिल्या वहीचं पहिलं पान उघडलं, कोपऱ्यातला तेलाचा डागसुद्धा दिसतोय. तुमचे फार उपकार झाले. शाळेतल्या सरांची २ टीबीची डिस्क आणून कॉपी लावलीय. नंतर हीच ४ टीबीची डिस्क जीपीटी (एमबीआरच्या जागी आलेली नवी पद्धत) करून आतच बसवू ना? बूट जुन्या १६० जीबीच्या डिस्कवरून होतं.

प्रतिसाद १
बसवा. बूट तिथूनच राहणार असेल तर हिच्यावर बायोस बूट पार्टिशन (जीपीटी डिस्कवरून बायोसने बूट करायला लागणारा छोटा भाग) लागत नाही. पण कॉपी झाल्यावर दहा-बारा फाइली उघडून बघा, मगच जीपीटी करा.