ग्रीक 'एक': हेइस, मिआ, हेन यांचं मूळ एकच?

प्रश्न: प्राचीन ग्रीकमध्ये 'एक'ची रूपं पुल्लिंगी हेइस, स्त्रीलिंगी मिआ, नपुंसकलिंगी हेन. यात मिआ अगदीच परकं वाटतं. ते वेगळ्या मुळातून आलंय का? आणि आपल्या 'एक'शी काही नातं?

प्रतिसाद १: परकं नाही. तिन्ही आद्य इंडो-युरोपीय (ग्रीक, लॅटिन, संस्कृत यांची कल्पित मूळ भाषा) 'सेम्'मधून येतात. ग्रीकमध्ये शब्दारंभी स्वरापूर्वीचा स् चा ह् होतो आणि शब्दान्तीच्या म् चा न्, म्हणून सेम् > हेन. पुल्लिंगी सेम्स् > हेन्स्. मग न् गळाला, स्वर लांबला, झालं हेइस. स्त्रीलिंगात मुळातला ए नाहीच: स्मिआ, आणि म् पूर्वीचा स् गळून मिआ. षष्ठी 'हेनोस'मधला न् मात्र हेनच्या अनुकरणाने शिरलाय. मायसिनियन (सर्वात जुन्या ग्रीक) लेखांत चतुर्थी 'ए-मे' आहे, तिथे म शाबूत.

प्रतिसाद २: 'एक'चं मूळ वेगळं, 'ओइ-'. त्याच कुळातले लॅटिन ऊनुस आणि ग्रीक ओइने, म्हणजे फाशावरचा एक्का. सेम्चे संस्कृत भाऊबंद हवे असतील तर 'सकृत्' आणि 'सहस्र'मधला स पाहा. ग्रीक हेकातोन (100) मधला 'हे'सुद्धा बहुधा तोच.

प्रतिसाद ३: वाचताना श्वासचिन्ह (शब्दारंभीच्या स्वरावरची खूण) तपासा. हेइसवर ह-कारदर्शक चिन्ह असतं. ते नजरेतून सुटलं की 'एइस' (आत, -कडे) वाचलं जातं आणि वाक्य कोसळतं. षष्ठीत मिआचा आघात शेवटी सरकतो, हेही विसरू नका. 'ऊदेइस' (कोणीही नाही) याच रूपांनी चालतं: ऊदेइस, ऊदेमिआ, ऊदेन.